दुसरे कानातले
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



'कानातले' हा शब्द आपल्या मुरुडात अलीकडे दोन अर्थांनी चालू लागला आहे. पूर्वी कानातले म्हणजे कुडी, फुले, झुबे. आता सकाळी एस.टी. गाठण्याच्या घाईत मुलगा "माझं कानातलं कुठाय?" म्हणून घर डोक्यावर घेतो, तेव्हा तो हेडफोन शोधीत असतो. आज या दुसऱ्या कानातल्याविषयी बोलावयाचे आहे. हा पोरासोरांचा विषय म्हणून कोणी उठू नये. दुपारी फोडणी देता देता मालिका ऐकणाऱ्या आणि रात्री कीर्तन लावून झोपणाऱ्या आपल्यापैकी कितीजणी कानात तीच बोंडे घालतात, हे मी इथे विचारीत नाही!

वस्तू तशी जुनी आहे. १९१० च्या सुमारास अमेरिकेत नथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने घरच्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनविले आणि तेथील नौदलाने ते विकत घेतले. पुढे १९७९ साली जपानातून वॉकमन आला आणि गाणे घराबाहेर पडून रस्त्याला लागले. खरी गोम इथेच आहे. शांत घरात ऐकणारा आवाज बेताचा ठेवतो. गाडीत ऐकणारा मात्र भोवतालच्या गोंगाटावर मात करू पाहतो. मुरुडहून लातूरला शिकवणीला जाणारी आपली मुले पाहा. इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट, कर्णकर्कश भोंगे. त्या सगळ्यांवर धड्याचा किंवा गाण्याचा आवाज चढवावा लागतो. पोराला वाटते, बाहेरचे काही ऐकू येत नाही. कानाला मात्र दोन्ही सोसावे लागते. गाडीतून उतरल्यावर आवाज कमी करण्याचे कोणाला सुचत नाही, ते वेगळेच.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आपले साधे बोलणे साठाच्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकला तर चालेल. लहान मुलांसाठी ७५ च धरावे. पुढचा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्यात ४ तास उरतात आणि १०० ला जेमतेम २० मिनिटे. दिवसाची नव्हे, सबंध आठवड्याची! फोनचा आवाज अगदी शेवटपर्यंत नेला तर कित्येक हेडफोन शंभराच्या घरात जातात.

आता कानात घडते काय ते सांगते. कानाच्या आत शंखासारखी वेटोळी नळी आहे. तीत केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात, एका कानात पंधरा हजारांच्या आसपास. आवाजाने ते तंतू हलतात आणि मेंदूला वर्दी जाते. वाऱ्याने ज्वारी लवते आणि वारा पडला की उभी राहते, तसे हे आहे. फार वेळ, फार मोठा आवाज झाला की पेशी थकतात. कानाला दडे बसल्यासारखे वाटते, बोलणे दुरून आल्यासारखे ऐकू येते, बारीक गुणगुण सुरू होते. काही तासांत, कधी एकदोन दिवसांत, कान पूर्ववत होतो. मात्र गारपिटीत आडवी झालेली ज्वारी उठत नाही. माणसाच्या कानातील या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दड्यामुळे ऐकू कमी येते म्हणून पोर आवाज आणखी वाढविते, आणि थकलेल्या कानावर दुसरी गार पडते.

ती गुणगुण म्हणजे कर्णनाद. सुश्रुतसंहितेत कानाच्या अठ्ठावीस रोगांत तिची गणना आहे, इतके हे दुखणे जुने आहे. बाहेर आवाज नसतो आणि आत रातकिडा ओरडत असतो. कानाकडून येणारी वर्दी कमी झाली की मेंदू आपल्याकडून ओढ वाढवितो, त्यातून हा नाद उमटतो असे समजतात. रात्री निजानीज झाली की तो अधिकच जाणवतो.

आमच्या गल्लीतील एक मुलगा 'नीट'च्या तयारीसाठी लातूरला खोली घेऊन राहत होता. दिवसभर कानात धडे, रात्री शेजारच्या खोलीचा गलबला नको म्हणून पुन्हा कानात गाणी. सुटीत घरी आला तेव्हा आई म्हणे, पोरगे उर्मट झाले, तीन हाका मारल्या तरी ओ देत नाही. तीन महिने त्या घरात यावरून धुसफूस चालली होती. मुलाला झोप लागत नव्हती; कानातला नाद त्याने कोणाला सांगितला नाही, कारण सांगितले तर फोन जाईल हे भय. शेवटी तपासणीत उंच आवाज ऐकण्याची शक्ती कमी झालेली निघाली. मोठ्या आवाजाने होणारे नुकसान बहुधा तिथूनच सुरू होते. स, श, फ असली अक्षरे निसटतात. हाक कानावर येते, शब्द कळत नाहीत. मुलगा उर्मट नव्हता. तुमचे मूल "काय? काय?" करू लागले तर रागावण्याआधी कान तपासून घ्या, आणि फोन काढून घेण्याची धमकी तर मुळीच देऊ नका, मग ते पुढचे काहीच सांगणार नाही.

सगळा दोष हेडफोनच्या माथी मारणेही बरोबर नव्हे. कानातला मळ, रक्तदाब, थायरॉईड, काही औषधे, आणि आपल्या बायकांत घरोघरी असलेला पांडुरोग, यांनीही कान वाजतो. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला एकाएकी ऐकू येईनासे झाल्याचे जाहीर केले. विषाणूमुळे तसे झाल्याचे निदान होते. तरी मोठ्या आवाजापासून आणि हेडफोनपासून जपा, असे त्यांनी चाहत्यांना बजावले. एकाएकी ऐकू येईनासे झाले, चक्कर आली, किंवा एकाच कानात नाद राहू लागला तर आठवडाभर वाट पाहू नये. अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांतच उपचार लागू पडण्याचा संभव असतो. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. श्रवणाची तपासणी दुखत नाही. शांत खोलीत बसवून आवाज ऐकू आला की सांगावयाचे, इतकेच. तोवर लसणाचे कढत तेल, काडी, आकडा यांपैकी काही कानात घालू नये. पडद्याला छिद्र असेल तर तेलाने अनर्थ होतो.

मुरलेला नाद नाहीसा करणारी हुकमी गोळी अजून नाही. जाहिरातींना भुलू नका. पंख्याची घरघर किंवा हळू लावलेला रेडिओ असला की नाद मागे पडतो. समुपदेशनाने त्याची धास्ती जाते. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचाही उपयोग होतो. कित्येकांना त्याची सवय होऊन जाते.

घरी करण्याजोगे थोडे आहे, पण ते नेमाने करावे लागते. आवाज साठ टक्क्यांच्या वर नको. हातभर अंतरावरून साधे बोललेले ऐकू आले पाहिजे. तासाभराने कान मोकळे ठेवावेत. धडा घरी ऐकावयाचा असेल तर फोन टेबलावर ठेवून ऐकावा. आपल्यालाही चार गोष्टी कळतील. झोपताना कानात काही नको. गाडीत शक्य तो ऐकूच नये, निदान कानात नीट बसणारे, बाहेरचा गोंगाट अडविणारे घ्यावे. रस्त्याने चालताना मात्र तेही काढून ठेवावे.

बहुतेक फोनमध्ये आवाजाला मर्यादा घालण्याची सोय असते. सभा संपल्यावर आपल्या महाविद्यालयातील मुली मागच्या बाकावर बसणार आहेत. ज्यांना ती मर्यादा लावून घ्यावयाची असेल त्यांनी चहा झाल्यावर आपापला फोन घेऊन त्यांच्याकडे जावे, आणि घरातल्या पोरांचा फोन उद्या पाठवावा.