आवड आणि पाचारण



ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांच्यासमोर बसून शिकलेली पुष्कळ मंडळी या सभागृहात आहेत. त्यांच्यापुढे मी उपदेश काय करणार? शाळा सोडताना प्रत्येकाला पडणाऱ्या एका प्रश्नाविषयीच बोलतो: आपली खरी आवड कोणती आणि ती ओळखावी कशी?

ख्रिस्ती मंडळींत यासंबंधी एक जुना शब्द आहे, 'पाचारण'. आवड आपल्या मनातून उगवते, तर पाचारण म्हणजे कोणीतरी मारलेली हाक. या दोहोंची गाठ कशी पडते, ते एका कवीच्या चरित्रातून पाहू.

आपल्या बालाघाटहून गोंदियास जाऊन तेथून पूर्वेची गाडी धरली की डोंगरगडानंतर राजनांदगाव लागते. १८९३ साली याच मार्गाने नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार वाचावयास दिला. टिळक तेव्हा बत्तिशीत होते. संस्कृताचे व्युत्पन्न पंडित, हजरजबाबी वक्ते, कवी. पण एका नोकरीत, एका गावी त्यांचा पाय ठरत नसे. वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

श्रद्धेने त्यांना कवी केले, असे मात्र मी म्हणणार नाही. कविता त्यांच्याजवळ आधीपासूनच होती. ती कोणाच्या पायी वाहायची, हे ठरलेले नव्हते. ते ठरले आणि लेखणीला दिशा मिळाली. ख्रिस्ती उपासनेत तोवर भाषांतरित गीते बहुधा पाश्चात्त्य चालींवर गायिली जात. टिळकांनी तीत अभंग आणि भजन आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती, आणि तो पूल त्यांनी कधी मोडला नाही. भक्तीने कवीचे विषय आकसतात, ही समजूतही त्यांनी खोटी ठरविली. महाराष्ट्र त्यांना आजही फुलामुलांचे कवी म्हणूनच ओळखतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात धन्याने दासांजवळ सोपविलेल्या धनाचा दृष्टान्त आहे. एक दास आपला वाटा जमिनीत पुरून ठेवतो. आळस हा त्याच्यावरचा ठपका. स्वतः तो सांगतो ते कारण भीतीचे. आपल्या घरांतून मुलांचे जे गुण पुरले जातात, तेही बहुधा भीतीनेच, आणि ती भीती पुष्कळदा पालकांची असते.

परंतु पालकांची भीती सर्वस्वी निराधार असते, असेही नाही. टिळकांच्या निर्णयाची किंमत एकट्या टिळकांनी दिली नाही. लक्ष्मीबाईंना बाप्तिस्म्याची वार्ता मागाहून कळली. पदरी लहान मूल, डोक्यावर सोवळ्याओवळ्याचा संस्कार आणि भोवती नातलगांचा आक्रोश, अशा स्थितीत त्यांनी पतीपासून दूर काही वर्षे काढली. ध्येयवेड्या पुरुषांची चरित्रे सांगताना हा भाग आपण घाईने उरकतो; मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या परतल्या, पण पतीच्या धर्मात पतीसाठी म्हणून शिरल्या नाहीत. जातिभेदाची मनातली गाठ त्यांची त्यांनीच सोडविली आणि १९०० साली स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचा शोध पुढेही संपला नाही. १९१७ साली, पंचावन्न वर्षांचे असताना, मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले.

ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. या बाईंनी शाळा अशी पाहिलीच नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून. आपल्यात लेखिका आहे, हे तरुणपणी त्यांना कोणी सांगितले असते तर त्या खळखळून हसल्या असत्या. मराठी आत्मचरित्रांत ज्याचे नाव आधी घ्यावे लागते त्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग निघाला १९३४ साली. तेव्हा त्यांचे वय होते सहासष्ट.