काशीचा घाट आणि दोन कॅमेरे

(हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोडमुंजीच्या दिवशी बटू छत्री-काठी घेऊन काशीला निघतो आणि मामा त्याला मुलगी देण्याचे वचन देऊन दारातूनच परत फिरवतो. मराठी घरांतील ही काशीयात्रा अशी चार पावलांतच संपते. खरी यात्रा घडते ती बहुधा निवृत्तीनंतर, अनेकांच्या वाट्याला आयुष्यात एकदाच, आणि अलीकडे तिच्या सामानात गंगाजलाच्या रिकाम्या गडूबरोबर कॅमेराही असतो. कपाटात दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला लांब झूमचा कॅमेरा पडून आहे; मुलगा म्हणतो, "बाबा, तो आता जुना झाला, मिररलेस घेऊ या." मिररलेस आणि त्याचे एखादे बरे भिंग म्हटले की खर्च लाखाच्या पलीकडे जातो. यात्रेच्या खर्चाइतका, कधी त्याहून अधिक पैसा कॅमेऱ्यावर घालावा की नाही, हा प्रश्न मध्यमवर्गीय घरात हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. त्याचे उत्तर दुकानाच्या काउंटरवर शोधण्यापेक्षा काशीच्या घाटावर शोधलेले बरे.

प्रथम या दोन यंत्रांची ओळख. जुन्या प्रकाराला ब्रिज कॅमेरा म्हणतात, कारण खिशातला साधा कॅमेरा आणि व्यावसायिकाचा भिंगे बदलता येणारा कॅमेरा यांच्यामधला तो पूल होय. त्याचे भिंग कायमचे जोडलेले असते. मात्र ते अंगणभर दृश्यापासून दूरच्या पक्ष्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचते. उदाहरण म्हणून पॅनासॉनिकचा २०१२ सालचा एफझेड २०० घेता येईल. १२ मेगापिक्सेल, वजन ६०० ग्रॅमच्या आत, आणि २५ ते ६०० मिलिमीटर इतकी भिंगाची झेप. दुसरीकडे सोनीचा २०१८ सालचा ए ७ थ्री हा मिररलेस: २४ मेगापिक्सेल, भिंगाविना ६५० ग्रॅम, आणि आत जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा संवेदक.

येथे इतिहासातील एक गंमत नोंदवली पाहिजे. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेली प्रतिमा आरशावरून परावर्तित होऊन डोळ्यापर्यंत जाई. ब्रिज कॅमेऱ्यात आरसा नव्हताच. नेत्रिकेत एक इवलासा विजेचा पडदा असे आणि व्यावसायिक मंडळी त्याला खेळण्यातला दूरदर्शन संच समजून नाक मुरडत. २००८ साली पॅनासॉनिकनेच जी १ हा भिंगे बदलता येणारा पहिला मिररलेस कॅमेरा आणला. २०१३ मध्ये सोनीने पूर्ण चौकटीचा ए ७ आणला आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन यांनीही पूर्ण चौकटीचे मिररलेस कॅमेरे बाजारात उतरवले. ज्याला हसले, तोच विजेचा पडदा आज व्यावसायिकांच्या डोळ्याला लागलेला असतो. तेव्हा कपाटातला कॅमेरा अगदीच परक्या कुळातला नाही; त्याचे डोळे मात्र लहान आहेत.

किती लहान? ए ७ थ्रीच्या संवेदकाची लांबी-रुंदी सुमारे ३६ गुणिले २४ मिलिमीटर. एफझेड २०० चा संवेदक सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान. क्षेत्रफळांत सुमारे तीसपट फरक. अंगणात पाऊस पडत असताना एक परात आणि एक वाटी शेजारी-शेजारी ठेवली, तर दोहोंत पाण्याची उंची सारखीच चढेल. पण परातीतले पाणी ओतून घेतले तर कळशी भरेल आणि वाटीतल्याने घोटभर तहानही भागणार नाही. प्रकाशाचेही तसेच. दोन्ही कॅमेऱ्यांत भिंगाचे छिद्र एफ २.८ आणि शटरचा वेग सारखा ठेवला तर दोन्ही छायाचित्रे सारखीच उजळ दिसतील. परंतु लहान संवेदकाने एकूण प्रकाश तीसपट कमी गोळा केलेला असल्यामुळे अंधुक वेळी त्याच्या चित्रात दाणे उठतात, रंग मळतात आणि चेहऱ्याची कातडी मेणासारखी गुळगुळीत होते. स्थूलमानाने सांगायचे तर लहान संवेदकाला आयएसओ १०० वर जी स्वच्छता लाभते, तीच मोठ्या संवेदकाला ३२०० च्या आसपास लाभते.

भर दुपारी हा फरक जवळजवळ दिसतच नाही. ऊन म्हणजे मुसळधार पाऊस. त्यात वाटीही काठोकाठ भरते. नेमका येथे काशीचा भूगोल आडवा येतो. गंगा या नगरीपाशी उत्तरवाहिनी होते आणि सारे घाट तिच्या पश्चिम तीरावर पूर्वेकडे तोंड करून चंद्रकोरीसारखे पसरलेले आहेत. समोरच्या तीरावर वस्ती नाही, वाळवंट आहे. त्यामुळे सूर्य थेट वाळूतून वर येतो आणि त्याचा पहिला किरण कोठेही न अडता घाटाच्या पायऱ्यांवर पडतो. त्या वेळी पायऱ्यांवर स्नान, संध्या, मालिश, कुस्ती, चहा सर्व काही सुरू झालेले असते. दुपारी तेच घाट पांढरे, सपाट आणि ओसाड भासतात. पुन्हा रंग भरतो तो सूर्यास्तानंतर, दशाश्वमेधावरील आरतीच्या वेळी. म्हणजे काशीत छायाचित्र घेण्याजोगे जे काही घडते त्यातले बरेचसे वाटीच्या गैरसोयीच्या वेळी घडते. महाबळेश्वरला वा राजस्थानात जाणाऱ्याला जो हिशेब लागू पडतो तो काशीला पडत नाही, तो यामुळे.

प्रकाशाच्या बाबतीत काशीने थोरामोठ्यांचीही परीक्षा घेतली आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो' या चित्रपटातील काशीचे घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेले होते. काशीच्या जुन्या घरांत मधल्या चौकातून आकाशाचा जो मऊ, सावली न पाडणारा उजेड उतरतो, तो कृत्रिम दिव्यांनी येईना. तेव्हा छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरे कापड ताणून दिव्यांचा झोत त्यावर टाकला आणि तेथून परतलेला प्रकाश खाली घेतला. पडद्यावर पाहणाऱ्याला ते घर सेटवरचे आहे असे वाटत नाही. त्या वेळच्या फिल्मची प्रकाशग्रहणशक्ती आजच्या साध्या भ्रमणध्वनीहूनही कमी होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मात्र तीसपट हा आकडा सर्वत्र लागू करणे अन्यायाचे होईल. लांबचे टिपायचे असेल तर हिशेब बदलतो. एफझेड २०० चे भिंग ६०० मिलिमीटरच्या टोकालाही एफ २.८ इतके उघडे राहते. त्याची प्रत्यक्ष नाभीय लांबी १०८ मिलिमीटर, म्हणून प्रकाश आत येण्याचे छिद्र सुमारे ३८ मिलिमीटर रुंद. मिररलेसला तेवढीच झेप हवी तर सोनीचे २०० ते ६०० मिलिमीटरचे भिंग जोडावे लागते. ते टोकाला एफ ६.३ पर्यंतच उघडते. त्याचे छिद्र सुमारे ९५ मिलिमीटर. क्षेत्रफळांची तुलना केली तर फरक सहापटींवर येतो. त्या सहापटींसाठी २ किलो १०० ग्रॅमचे, स्वतःच लाखाहून अधिक किमतीचे भिंग गळ्यात अडकवून घाटाच्या उंच पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात. साठी उलटलेल्या गुडघ्यांना हा सौदा परवडतो का, हे ज्याचे त्याने पाहावे.

हिवाळ्यात गंगेवर पाहुणे कुरव पक्षी येतात. नावाडी शेवेची पाकिटे विकतात, यात्रेकरू शेव उधळतात आणि पांढऱ्या पंखांचा कल्लोळ नावेभोवती उठतो. (शेव हे पक्ष्यांचे अन्न नव्हे, पण ते ऐकतो कोण.) सकाळी आठ-नऊच्या उन्हात जुना ब्रिज कॅमेरा येथे मोलाचा ठरतो: क्षणापूर्वी हाताशी आलेला पक्षी, क्षणानंतर पैलतीरीचे उंट, पुन्हा शेजारी बसलेल्या आत्याबाई, भिंग न बदलता सारे हाती येते. हलत्या नावेत मिररलेसचे भिंग बदलणे म्हणजे संवेदक वाळूच्या कणांपुढे उघडा करणे. मात्र उडत्या पक्ष्याचा डोळा धरून ठेवणे जुन्याला साधत नाही. स्पष्ट-अस्पष्ट पडताळत, पुढे-मागे चाचपडत तो लक्ष्य साधतो. ए ७ थ्रीचे ६९३ लक्ष्यबिंदू हलत्या वस्तूचा पाठलागच करतात. दहा छायाचित्रांत जुन्याची दोन-तीन साधली तरी आनंद मानावा.

शिंदे घाटाशेजारी रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आहे. ते खरोखरच कललेले आहे आणि वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात असतो. खालच्या पायरीवरून रुंद भिंगाने कॅमेरा वर रोखला की सरळ उभी मंदिरेही मागे झुकल्यासारखी दिसतात, आणि मग कोणते मंदिर खरे कललेले व कोणते भिंगाने कलवलेले हे घरी आल्यावर कळेनासे होते. हा दोष दोन्ही कॅमेऱ्यांना सारखाच. उपाय एकच: नावेतून दूर जावे, कॅमेरा समपातळीत धरावा आणि झूमने जवळ यावे. अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट ही मराठ्यांनी उभारलेली दगडी रांग अशीच पाण्यावरून पाहिली म्हणजे तिचा खरा बांधा कळतो.

आता आरती. दशाश्वमेधावर पुजारी अनेक ज्योतींची जड आरती फिरवतात. ज्योत अतितेजस्वी, धूर करडा, चेहरा अर्ध्या अंधारात. ज्योत आणि चेहरा दोन्ही एका चित्रात सांभाळणे हीच अडचण. जुना कॅमेरा चेहरा वाचवायला गेला तर ज्योतीचा पांढरा डाग होतो. ज्योत वाचवली तर चेहरा काळ्या दाण्यांत बुडतो. मिररलेसची सरशी येथे निर्विवाद आहे. तरी त्याच्या शांत, निःशब्द शटरपासून सावध राहावे. घाटावरचे एलईडी दिवे सेकंदात अनेकदा लुकलुकतात. ते लुकलुकणे डोळ्याला दिसत नाही, पण निःशब्द शटर त्याचे आडवे पट्टे सबंध चित्रावर उमटवते. आरतीपुरते साधे, आवाज करणारे यांत्रिक शटरच बरे. कार्तिकी पौर्णिमेच्या देवदीपावलीला पायरीवर तिपाई रोवून दोन-चार सेकंदांचे चित्र घ्यायचे असेल, तर जुना कॅमेराही आयएसओ १०० वर दिव्यांच्या रांगा सुरेख टिपतो. नावेत मात्र तिपाईचा उपयोग नाही. नाव हलते, आणि तिच्याबरोबर तिपाईही.

श्रोतेहो, एका ठिकाणी या तुलनेला अर्थच उरत नाही. मणिकर्णिकेवर चिता अहोरात्र जळत असतात. तेथे छायाचित्रे घेऊ नयेत असा स्थानिकांचा आग्रह असतो, आणि तो रास्त आहे. जवळ उभ्या असलेल्या माणसाला ही मर्यादा पाळणे सोपे जाते, कारण समोरचा पाहत असतो. लांब झूमवाला मात्र नदीच्या मध्यावर नावेत बसलेला असतो; त्याला कोणी पाहत नाही, आणि ६०० मिलिमीटरच्या टोकाला वडिलांना अग्नी देऊन मागे सरणाऱ्या मुलाचा चेहरा चौकटीत मावतो. निःशब्द शटरने तर आवाजाचीही साक्ष उरत नाही. कित्येक मराठी कुटुंबे काशीला जातात ती अस्थी घेऊनच. तिसऱ्या नावेतून आपल्याकडे भिंग रोखलेले आहे, हे त्या दिवशी त्यांच्यापैकी कोणाला कळले तर काय वाटेल, याची कल्पना करणे अवघड नाही. दोन्ही कॅमेरे येथे पिशवीत गेले पाहिजेत. विश्वनाथाच्या मंदिरात तर ते बाहेरच ठेवावे लागतात.

राहिला मेगापिक्सेलचा प्रश्न, ज्यावर घरोघरी सर्वाधिक वाद होतो आणि ज्याचे महत्त्व सर्वांत कमी आहे. चांगल्या छपाईला इंचामागे ३०० ठिपके पुरतात. ए-४ आकाराचे पूर्ण पान छापायला त्या हिशेबाने सुमारे ८७ लाख ठिपके लागतात. जुन्या कॅमेऱ्यात ते १ कोटी २० लाख आहेत. भिंतीवर लावण्यासाठी ए-३ आकाराचे चित्र हवे असेल तर पावणेदोन कोटी लागतात आणि तेथे मिररलेसच्या २४ मेगापिक्सेलचा उपयोग आहे. ज्या घरात चित्रे भ्रमणध्वनीच्या पडद्यापलीकडे जातच नाहीत, तेथे दोन्ही आकडे व्यर्थ.

नवा कॅमेरा विकत घेण्यापूर्वी एक पडताळणी घरच्या घरी करता येते, आणि तिला दमडीही लागत नाही. तिन्हीसांजेला देवघरातले विजेचे दिवे मालवून समई लावावी. आजीला किंवा घरातील कोणा वडीलधाऱ्यांना समईपासून हातभर अंतरावर बसवावे. जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करून, तिपाई न वापरता, हातात धरून दहा चित्रे घ्यावीत आणि ती संगणकावर पूर्ण आकारात उघडावीत. आजीच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या वेगवेगळ्या मोजता आल्या आणि ज्योतीची कड शाबूत राहिली असेल, तर तोच कॅमेरा एक जादा बॅटरी घालून काशीला न्यावा. सुरकुत्यांच्या जागी नुसते मेण दिसले, तर पुण्या-मुंबईत मिररलेस कॅमेरे दिवसाच्या भाड्यानेही मिळतात. चार दिवसांच्या यात्रेसाठी तो भाड्याने घ्यावा, आणि त्याची बटणे हाताला सवयीची व्हावीत म्हणून निघण्याच्या निदान दोन दिवस आधी घरी आणून ठेवावा.