आजोबांच्या घड्याळाचा पट्टा सोन्याचा आहे का?

शहापूर-मुरबाडकडे कुणाच्या कपाटात आजोबांचं सोनेरी घड्याळ पडलंय, पट्टा सैल म्हणून कोणी घालत नाही, असं असेल तर थांबा. कापायला देण्याआधी बकलाची आतली बाजू मोबाईलवर झूम करून बघा. ७५० म्हणजे १८ कॅरेट, ७५ टक्के सोनं. '२० मायक्रॉन' असेल तर नुसता मुलामा. एचयूआयडी शोधत बसू नका, तो २०२१ पासूनचा!

आत बाण कोरलेले असतील तर त्याच दिशेने पिन ढकलून कड्या निघतात, घड्याळजी करून देतो. दोन्हीकडून सारख्या काढायला सांगा, नाहीतर बकल मनगटाच्या कडेला येतं. कड्या डाख देऊन जोडलेल्या असतील तर मात्र सोनारच. समोर वजन करा, आधी आणि नंतर. काढलेल्या कड्या मागून घ्या. मनगट भरलं की परत लागतील.