लेझरला किती व्होल्ट द्यावेत?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज मी आपणांपुढे एका लहानशा चुकीविषयी बोलणार आहे. 1964 मध्ये आपल्या शेजारी ट्रॉम्बेला अर्धसंवाहक लेझर तयार झाला, तेव्हा ती मोठी नवलाई होती. आज अंधेरी-मरोळच्या गाळ्यांतून लेझरने नावाच्या पाट्या कोरल्या जातात आणि आपली मुले तेथे नोकरीस लागतात.

अशाच एका गाळ्यात माझा एक विद्यार्थी होता. नवा लेझर आला. कंट्रोलर इशारा देई 5 व्होल्टचा. लेझरला तो हवा 3.3 व्होल्टचा. मुलाने तार सरळ जोडली. दोन दिवस काम सुरळीत झाले, आणि माणूस फसतो तो येथेच! तिसऱ्या दिवशी आतले सर्किट जळाले. किरण बंदच होईना, लाकडी पाटी धुमसू लागली, आणि हा चष्म्याविना वाकून पाहत होता. डोळे वाचले, ही अल्लाची मेहेरबानी. लेझरची किंमत मात्र पगारातून कापली गेली.

उपाय दोन रेझिस्टरांचा आहे. लॅमिंग्टन रोडवर ते किरकोळ पैशांत मिळतात. इशाऱ्याच्या तारेत 1000 ओहमचा एक घाला. त्याच्या लेझरकडील टोकापासून निगेटिव्हपर्यंत 2000 ओहमचा दुसरा जोडा. 5 व्होल्टचे तीन भाग होतात, त्यांतले दोन, म्हणजे सुमारे 3.3 व्होल्ट, लेझरला मिळतात. कंट्रोलर सुरू होताना त्याची तार क्षणभर अधांतरी असते. तेव्हा हाच दुसरा रेझिस्टर तिला शून्याकडे ओढून धरतो. दोन्ही यंत्रांचे निगेटिव्ह मात्र एकत्र जोडलेले हवे.

मल्टिमीटरने आधी लेझर न जोडता मोजा, जोडल्यावर पुन्हा मोजा. लेझरच्या आत इशाऱ्याच्या वाटेवर आणखी 2000 ओहम असतील, तर 3.3 चे 2.5 व्होल्ट होतात. मग लेझर मंद चालतो आणि दोष भलत्याच भागाला दिला जातो. ही जोडणी फक्त इशाऱ्यासाठी आहे. लेझर चालविण्याची वीज त्याच्या स्वतंत्र सप्लायमधूनच घ्यावी.

पालकांनो, मुलगा अशा कामास लागला तर पगाराआधी चष्म्याची चौकशी करा. त्या लेझरच्या तरंगलांबीचा आकडा चष्म्यावर छापलेला असतो. उन्हाचा काळा चष्मा तेथे कामाचा नाही.