कोंड्याचा मांडा



मी मूळचा बेळगावचा. आमच्याकडं लग्नकार्यात मांडे हवेतच. मांडा कसा, तर आत साखर भरलेला, उपड्या भांड्यावर भाजलेला, धरून पाहिला तर पलीकडचा माणूस अंधूक दिसावा इतका पातळ. ज्या घरी असं काही परवडत नाही, तिथली हुशार बाई कोंड्याचाही मांडा करते, असं आपण म्हणतो. आज मी दुसऱ्याच कोंड्याबद्दल बोलणार आहे, डोक्यातल्या. त्याचा मांडा मी स्वतः केला आणि बराच महागात पडला.

बंगळूरला येऊन, हेब्बाळमध्ये घर करून मला २२ वर्षं झाली. कन्नडमध्ये या कोंड्याला ‘तलेहोट्टु’ म्हणतात. तले म्हणजे डोकं आणि होट्टु म्हणजे धान्याचा कोंडा. मराठी आजी आणि कन्नड अज्जी एकमेकींना न भेटता एकाच सुपापाशी पोचल्या म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी थोरल्या लेकीचं लग्न ठरलं आणि माझं डोकं खाजायला लागलं.  आधी नुसताच कोंडा होता. गडद शर्ट घातला की खांद्यावर पीठ सांडल्यासारखं दिसायचं. आमच्या इमारतीत केसांची तक्रार केली की लिफ्टमधला माणूसही एकच निदान करतो, ‘नीरु सरि इल्ला.’ पाणी बरोबर नाही.

पाण्याचं म्हणाल तर आमच्या भागाची तऱ्हा न्यारी आहे. हेब्बाळचं तळं बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या काळातलं सांगतात. गच्चीवरून ते दिसतं, आणि खाली फाटकाशी पाण्याचा टँकर उभा असतो. कावेरीचं पाणी १०० किलोमीटरवरून शहरात येतं. ते सगळ्यांना पुरत नाही, म्हणून पुष्कळ इमारती बोअर आणि टँकरवर चालतात. बोअरचं पाणी जड, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त. साबणाशी त्यांची गाठ पडली की फेस राहतो बाजूला आणि चिकट साका तयार होतो. अंगाच्या साबणानं डोकं धुणाऱ्याच्या केसांत तो बसतो, केस राठ होतात, आणि वाळला की तो कोंड्यासारखा दिसतोही. शाम्पूचा मात्र असा साका होत नाही, आणि खरा कोंडा नळातून येत नाही. हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं! मी नळाला फिल्टर बसवला.

खाज गेली नाही. मग शाम्पू बदलला. मग कंडिशनर आलं. कुणी म्हणालं, टाळू कोरडी पडलीय, तेल मुरव, म्हणून रात्री खोबरेल थापून झोपू लागलो. कुणी लिंबू चोळायला सांगितलं. चोळलं, तर मिरची वाटून लावल्यासारखी आग झाली. धाकटीनं टी-ट्रीचं तेल आणि कसलंसं सीरम आणून दिलं. साखरपुड्यापर्यंत न्हाणीघरातल्या फळीवर माझ्या एकट्याच्या ९ बाटल्या झाल्या. ही, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “डोकं एक आणि औषधं नऊ!”

साखरपुड्याच्या दोन दिवस आधी मी कलप लावला. गेली १० वर्षं लावतच होतो. आणि साखरपुड्याच्या सकाळी आरशात पाहतो तर पापण्या सुजलेल्या, कान लालबुंद, मानेवर पुरळ. दिवसभर गॉगल लावून वावरलो. व्याही भला माणूस. “डोळे आलेत का?” एवढंच विचारून त्यानं विषय बदलला.

त्वचेच्या डॉक्टर बाईंनी माझं डोकं बघायच्या आधी एक कोरा कागद पुढं केला. “महिनाभरात मानेच्या वर जे जे लावलंत, ते सगळं लिहा.” मी नऊच्या नऊ नावं लिहिली. त्यांनी कानामागं बोट ठेवलं. “आणि हे काळं काय?” कलप लिहायचा राहिलाच होता. कलपाला औषध कोण म्हणतं? मग त्या म्हणाल्या, “तुम्हाला दोन दुखणी आहेत, आणि तुम्ही दोघांना एकच नाव दिलंय.”

पहिलं दुखणं म्हणजे खराखुरा कोंडा. आपल्या सगळ्यांच्याच टाळूवर मलासेझिया नावाची बुरशी राहते. १८७४ साली लुई-शार्ल मलासे या फ्रेंच शास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं, त्याच्यावरून हे नाव पडलं. २००७ साली तिच्या एका जातीचा जनुकीय आराखडा उलगडला, तेव्हा दिसलं की लागणारी स्निग्धाम्लं तिला स्वतः तयार करता येत नाहीत. आपल्या टाळूतून जे तेल पाझरतं त्यावर ती जगते. ते तेल फोडताना ओलेइक आम्ल सुटतं. काहींच्या त्वचेला त्याचं काहीच वाटत नाही, काहींची त्वचा चिडते. एरवी महिनाभरात सावकाश नवी होणारी कातडी मग घाई करते, आणि एकेकट्या, न दिसता गळायच्या पेशी पुंजक्यांनी गळू लागतात. तोच कोंडा. तेव्हा ज्याच्या खांद्यावर कोंडा दिसतो तो माणूस अस्वच्छ असतो, हा समज सोडून द्या. आणि कोंडा म्हणजे टाळू कोरडी, हाही.

इथं माझं खोबरेल आडवं आलं. खोबरेलाची निंदा करायला माझी जीभ रेटत नाही, आणि तशी गरजही नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतलं प्रथिन झिजण्याचं प्रमाण खोबरेलानंच कमी झालं. कंपनी खोबरेल विकणारी आहे, हे विसरू नका. पण कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ, तो केसाच्या आत शिरतो. मात्र हा गुण केसाच्या कामाचा. टाळूवरच्या बुरशीला तेच तेल म्हणजे रात्रभर उघडं ठेवलेलं जेवणाचं ताट.

डॉक्टर बाईंचं एक वाक्य मी तेव्हापासून धरून ठेवलंय. “केस हा मेलेला धागा आहे, टाळू ही जिवंत कातडी आहे. बाटली घेताना आधी विचारा, ही कुणासाठी?” माझ्या नऊ बाटल्यांतल्या सहा केसांसाठी होत्या, आणि मी त्या टाळूला पाजत होतो.

कोंड्यासाठी त्यांनी २ टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू दिला. आठवड्यातून दोनदा, ४ आठवडे. वर बजावलं, “केसांना फेस आला की लगेच धुवायचं नाही. बोटांच्या पेरांनी टाळूला चोळायचं, ५ मिनिटं राहू द्यायचं, मग धुवायचं.” त्याआधी मी औषधी शाम्पू आणला नव्हता असं नाही. आणला होता, पण अर्ध्या मिनिटात धुऊन टाकत होतो. औषधाला काम करायला वेळच दिला नव्हता.

गंमत म्हणजे शाम्पू हा शब्दच मुळी चोळण्याचा. हिंदीतल्या चांपण्यावरून, चंपीवरून तो इंग्रजीत गेला. पाटण्यात जन्मलेल्या साके दीन महोमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटनला बाष्पस्नानाचं आणि मालिशचं केंद्र चालवलं. राजा चौथा जॉर्जही त्यांचं गिऱ्हाईक होता. त्या वेळी शाम्पू म्हणजे अंग रगडणं. बाटली नंतर आली आणि चोळणं मागं पडलं.

आता दुसरं दुखणं. ते कलपाचं. पीपीडी म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमीन, हा पुष्कळ कलपांतला मुख्य घटक. १९०७ साली ओजेन श्युलर या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं कृत्रिम रंगाचा कलप विकायला सुरुवात केली, त्याच धंद्यातून पुढं लॉरियाल कंपनी उभी राहिली. पीपीडीचा रेणू बारीक असतो. तो केसात शिरतो आणि आत गेल्यावर पेरॉक्साइडच्या संगतीनं मोठा, गडद होतो, म्हणून रंग टिकतो. पण वाटेत त्याची त्वचेशीही ओळख होते, आणि एखाद्याच्या शरीराला तो शत्रू वाटला की कायमचा वाटतो. “१० वर्षं काही झालं नाही,” हे माझं म्हणणं म्हणूनच फुसकं ठरलं. ॲलर्जी दहा वेळा गप्प राहून अकराव्या वेळी बोलू शकते. टाळूची कातडी जाड, ती पुष्कळ सोसते. सुजतात त्या पापण्या, कान आणि मान. धुतलेलं पाणी जिथून ओघळतं, तिथं खूण उमटते.

सूज उतरल्यावर पॅच टेस्ट झाली. पाठीवर संशयित पदार्थांचे बारीक ठिपके चिकटवून ठेवतात, ४८ तासांनी काढतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही. माझ्या पाठीवर पीपीडीचा ठिपका लाल होऊन उठला होता. पाणी निर्दोष सुटलं.

लेकीच्या मेंदीच्या दिवशी या माहितीचा उपयोग झाला. खरी मेंदी केशरी, फार तर तपकिरी रंगते. तासाभरात काळीभोर रंगणारी ‘काळी मेंदी’ दिसली की समजावं, त्यात बहुधा पीपीडी मिसळलंय. ती आम्ही परत पाठवली.

कलपाखेरीजही संशयित आहेत. शाम्पूतला सुवास, मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं परिरक्षक, आणि नैसर्गिक म्हणून मिरवणारं जुनं झालेलं टी-ट्रीचं तेलसुद्धा. या परिरक्षकाला युरोपीय संघानं न धुता अंगावर ठेवायच्या प्रसाधनांत बंदी घातलेली आहे. म्हणून त्रास झाला की बाटली फेकू नका. घटकांची यादी असलेली ती बाटलीच घेऊन डॉक्टरांकडे जा.

मग घरी काय करायचं? खाज सुटली की नवं काही आणायच्या आधी जुनं बंद करा. दोन आठवडे एकच साधा शाम्पू, तेल नाही, लिंबू नाही, सीरम नाही. त्यानंतर हवं तर एकेक वस्तू परत आणा, म्हणजे चोर सापडतो. कंडिशनर केसांच्या टोकांना लावा, मुळांना नको. कलप लावणाऱ्यांनी दर वेळी आधी कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून ४८ तास थांबावं. पाकिटावरची ती सूचना वाचायचा कंटाळा मला गॉगलपर्यंत घेऊन गेला. आणि जाड लाल चट्टे, पाणी सुटणं, केसांचे पुंजके गळणं, चेहऱ्यावर सूज, यांपैकी काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना.

कोंडा कायमचा जात नाही, हेही सांगून टाकतो. ती बुरशी आपली जन्माची भाडेकरू आहे. तिला आवरून धरता येतं. मी आता १५ दिवसांतून एकदा औषधी शाम्पू लावतो. फळीवर २ बाटल्या आहेत. हिची कुरकुर थांबली, आणि माझीही.

लग्नापर्यंत काळे केस कापून झाले होते. मी पांढऱ्या डोक्यानं मांडवात उभा राहिलो. बेळगावहून आई आली होती. तिनं बराच वेळ माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “अगदी दादांसारखा दिसायला लागलास रे.” दादा म्हणजे माझे वडील. मग तिनं माझ्या पानात आणखी एक मांडा वाढला. हा गव्हाचा होता.