इंजेक्शन गाईला, हिशेब दुधाचा

(जिल्हा मेळाव्यात दूध उत्पादकांसमोर केलेले भाषण)



दुधाच्या भावावर बोलण्याआधी आपल्या गोठ्यातल्या कोनाड्याबद्दल बोलू. त्या कोनाड्यात अर्धी उरलेली बाटली, सिरिंज आणि गंजत आलेली सुई असते. कास सुजली की बाटली निघते. पाच-दहा मिली टोचले, गाय चारा खायला लागली, की बाटली परत कोनाड्यात. दूध मात्र त्याच संध्याकाळी डेअरीवर.

शेतकरी अडाणी आहे म्हणून असे होते, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. दवाखाना लांब, डॉक्टर एक आणि गावे अनेक. दगडी झालेली कास कुणाची वाट पाहत नाही. पण कारण खरे असले तरी नुकसान आपलेच आहे. ते कसे, हे समजून घेऊ.

पहिली गोष्ट. प्रतिजैविक जंतूंवर चालते, विषाणूंवर नाही. घटसर्प जंतूंचा, तिथे वेळेवर दिलेले इंजेक्शन जनावर वाचवू शकते. लाळ्या-खुरकूत विषाणूचा, २०२२ साली राज्यभर पसरलेला लंपीही विषाणूचाच. तिथे डॉक्टर प्रतिजैविक देतात ते जखमेत मागून शिरणाऱ्या जंतूंसाठी. आजार कोणता हे ठरविल्याशिवाय औषध ठरत नाही. म्हणूनच ही औषधे चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे. कास वारंवार सुजत असेल तर पहिले इंजेक्शन देण्यापूर्वी दुधाचा नमुना स्वच्छ बाटलीत काढून तपासणीला पाठवा. कोणते औषध लागू पडेल ते त्यातून कळते.

दुसरी गोष्ट डोसाची. डोस वजनावर असतो. छातीचा घेर इंचात मोजा, त्याला त्याच आकड्याने गुणा, मग खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. अंदाजे किलो मिळतात. घेर ६४ आणि लांबी ५० इंच असलेली गाय सुमारे ३१० किलोची. मिलीला २०० मिलिग्रॅम असलेल्या, लांबणीवर चालणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनचा नेहमीचा डोस दहा किलोला एक मिली. म्हणजे या गाईला ३१ मिली, तेही एकाच जागी नव्हे. दहा मिली टोचले तर काय होते? कमकुवत जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ सालीच नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात हा धोका सांगितला होता. हा हिशेब डॉक्टरांना वजन सांगण्यासाठी आहे, डॉक्टरांना टाळण्यासाठी नाही. आणि गाय दुसऱ्या दिवशी बरी दिसली तरी सांगितलेले दिवस पुरे करा.

तिसरी गोष्ट सुईची. एका जनावराला एक सुई. त्याच सुईने रक्तातले आजार दुसऱ्या जनावरात जातात. स्नायूतले इंजेक्शन मानेच्या स्नायूत बरे. पुठ्ठ्यात पायाची नस दुखावण्याची भीती असते. दुधासारखे पांढरे दिसणारे प्रोकेन पेनिसिलीन शिरेत कधीही जाऊ देऊ नका. इंजेक्शननंतर अर्धा तास जनावराजवळ थांबा. धाप लागली, तोंड सुजले, जनावर कोसळले तर लगेच डॉक्टरला बोलवा.

आता दुधाचे. औषधाचा अंश दुधात उतरतो. उकळून तो जाईल याचा भरवसा नाही. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, हे घरातल्या बायांना आपल्याआधी कळते. २०१२ पासूनच्या नियमाप्रमाणे दूध किती दिवस विकायचे नाही ते लेबलावर छापावे लागते; औषधाची अशी मुदत ठरलेली नसेल तर किमान ७ दिवस. मोजणी शेवटच्या इंजेक्शनपासून. एकच सड सुजला असला तरी चारही सडांचे दूध बाजूला काढा. वासरालाही पाजू नका.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातले ६,४३२ नमुने तपासले. ७७ नमुन्यांत प्रतिजैविकाचे अंश मर्यादेबाहेर निघाले. म्हणजे बहुतेक दूध चांगले आहे. पण टँकरमध्ये सगळ्यांचे दूध एकत्र होते, एका गाईचे दूध अनेकांच्या दुधात मिसळते.

आता खरा प्रश्न. दहा लिटर देणाऱ्या गाईवर तीन दिवस उपचार आणि सात दिवस थांबणे, म्हणजे शंभर लिटर दूध गेले. तुमच्या डेअरीचा भाव लावा आणि आकडा बघा. हे नुकसान कोण सोसतो? दूध ओतून देणारा प्रामाणिक शेतकरी एकटाच. शुद्ध दूध सगळ्यांना हवे, त्याची किंमत कुणालाच नको. म्हणून आमचे म्हणणे असे की हे शंभर लिटर दुधाच्या उत्पादन खर्चात धरले पाहिजेत आणि नमुना तपासणीची सोय तालुक्याला झाली पाहिजे.

पण ही मागणी करायची तर आपली वही चोख हवी. इंजेक्शनची तारीख, औषध, डोस, दूध कधी थांबवले, कधी सुरू केले, एवढे पाच रकाने. शिवाय धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवा आणि पुढ्यात वैरण टाका. सडाचे तोंड मिटेपर्यंत, अर्धा तास तरी, गाय उभी राहते. त्याने इंजेक्शनची पाळीच कमी येते.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने ही वही आणावी. किती लिटर दूध ओतले याची बेरीज हातात घेऊनच आपण भाव मागायला जाऊ.