आजारी वृद्धांचे पथ्यपाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी गोडाधोडाच्या गोष्टी बोलाव्यात हे खरे. पण मी आज पेजेविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी वडीलधारे माणूस आहे. ते आजारी पडले की डॉक्टर औषध लिहून देतात. घास भरवायचा असतो तो मात्र आपल्याला. तेव्हा हा घासही औषधासारखाच विचार करून द्यावा, एवढेच माझे सांगणे आहे.

आजाऱ्याला आपण पेज आणि वरणाचे पाणी देतो. एकदोन दिवस ते ठीक. पण तेच पथ्य पंधरा दिवस चालले, तर ताप उतरूनही माणूस उठत नाही. वाढत्या वयात स्नायू झडतच असतात, अंथरुणाला खिळल्यावर ते अधिकच झडतात. जखमा लवकर भरत नाहीत आणि पाठ सोलवटते. वृद्धाला दर किलो वजनामागे दिवसाला निदान 1 ग्रॅम प्रथिने लागतात. आजारपणात बहुधा त्याहून जास्त. म्हणजे 50 किलोच्या बाईला निदान 50 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात, कपभर दुधातही जवळजवळ तेवढेच. वाटीभर पेजेत जेमतेम एकदोन. म्हणून पेजेत मुगाची डाळ शिजवावी, वर चमचाभर तूप घालावे. दही, पनीर, अंडे, मासळी यांपैकी जे चालत असेल ते थोडेथोडे, दिवसातून पाचसहा वेळा द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. मधुमेही माणूस जेवत नसेल तर नेहमीच्या गोळ्या किंवा इन्शुलिन तसेच चालू ठेवावे का, हेही लगेच विचारावे. नाहीतर साखर एकदम उतरते.

"वय झाले, वाळायचेच," असे म्हणून स्वस्थ बसू नये. बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, कवळी सैल झाली, की वजन करावे. तीन ते सहा महिन्यांत ते शेकडा 5 हून अधिक घटले, तर ते दुखणे समजून डॉक्टरांना दाखवावे.

याच्या उलटही एक धोका आहे. दुसरे महायुद्ध संपताना, 1945 साली, छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांपैकी काहीजण पोटभर अन्न मिळाल्यावरच दगावले. फार दिवसांच्या उपासानंतर एकदम अन्न गेले, की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम हे क्षार झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि हृदय डळमळते. ज्या माणसाच्या पोटात पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काही गेलेले नाही, त्याला मायेपोटी एकदम ताट वाढू नये. डॉक्टरांना सांगून निम्म्याहून कमी अन्नाने आरंभ करावा. ते रक्त तपासतील, 'ब' जीवनसत्त्वही देतील.

भरवताना माणसाला ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी, लहान चमचा वापरावा. गुंगीत असताना भरवू नये आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. घासागणिक ठसका लागला किंवा आवाज ओला झाला, तर अन्न श्वासनलिकेत जात असेल असे समजून थांबावे व डॉक्टरांना कळवावे.

आता नाकातल्या नळीविषयी. जॉन राइल या इंग्रज डॉक्टरांनी 1921 साली वर्णिलेली नळी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अर्धांगवायूनंतर गिळणे परत येईपर्यंत अशा नळीचा मोठा आधार असतो. परंतु स्मृतिभ्रंश अगदी शेवटच्या अवस्थेला गेला असता नळीने आयुष्य वाढते, असे दिसून आलेले नाही. उलट रोगी ती उपसू नये म्हणून त्याचे हात बांधण्याची पाळी येते. तिथे जाईल तेवढा घास हाताने भरवणे हेच बरे, असे आजचे वैद्यक सांगते.

अशा घरातल्या सुनेने नळीला नको म्हटले, की "सासूला उपाशी ठेवली" असे शेजारीपाजारी बोलतात. भगिनींनो, असे बोल आपल्या तोंडून जाऊ नयेत. जाणारा जीव अन्नावाचून जात नसतो. जीव जायला आला म्हणून अन्न नको होते. त्या वेळी ओठ ओले करावेत, तोंड स्वच्छ ठेवावे, उशाशी बसावे. तीही सेवाच आहे. आणि शेजारणीने अशा घरी जाऊन, दमलेल्या सुनेला तासभर झोपू द्यावे.